नेट चालू आहे, पण तेवढं एकच चालत नाही: आयपीएसचा नियम अडवतोय का, हे कसं शोधायचं

आयपीएस म्हणजे नेटवरून ये-जा करणारी पॅकेटं नियमांनुसार तपासून, धोक्याची वाटली तर अडवणारा पहारेकरी. आधी लक्षणं.

इंटरनेट चालू आहे, पिंग जातोय, व्हिडिओ पळताहेत, पण एकच पोर्टल किंवा एकच सॉफ्टवेअर अडतंय, आणि ते ऑफिसातल्या सगळ्यांकडे अडतंय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच काम लगेच होतं. एखादी फाइल अपलोड करताना दर वेळी त्याच टक्क्यावर अडकते. तिच्या दुप्पट आकाराची दुसरी फाइल सुखाने जाते. काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं, सकाळी आल्यापासून बंद, आणि मध्ये कुणी कशाला हात लावलेला नाही. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या तीन-चार साइट एकदम बंद पडतात आणि काही वेळाने आपोआप सुरू होतात. किंवा आयपीएस रीस्टार्ट केल्या केल्या सगळ्यांचे रिमोट डेस्कटॉप तुटतात.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढे वाचा. सगळंच नेट हळू असेल किंवा एकाच टेबलावरचा पीसी त्रास देत असेल, तर इथे वेळ घालवू नका. केबल, स्विच आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सोय) बघा.

मी लहान ऑफिसं आणि एमआयडीसीतल्या काही कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. बहुतेक ठिकाणी पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या फायरवॉलवर सुरिकाटा हा आयपीएस आहे, दोन ठिकाणी साध्या लिनक्स डब्यावर. हा बिघाड इतक्या वेळा काढलाय की फोनवरच्या पहिल्या वाक्यावरून अर्धा अंदाज येतो. ‘सर, नेट आहे पण जीएसटीचं रिटर्न जात नाहीये,’ आणि कॅलेंडरवर १९ किंवा २० तारीख. अशा वेळी लोक दोनपैकी एक गोष्ट करतात: आयपीएस बंद करून टाकतात, किंवा त्या साइटचा आख्खा आयपी पत्ता कायमचा मोकळा सोडतात. नियम काय म्हणतोय हे वाचायच्या फंदात कुणी पडत नाही. वाचला तर दहा मिनिटांचं काम असतं.

१. हॉटस्पॉट. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं

त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये, फक्त नेट बदलून बघा. हॉटस्पॉटवरही चालत नसेल तर दोष तुमच्या फायरवॉलचा नाही. समोरचा सर्व्हर झोपलाय, किंवा लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे.

‘आयपीएस बंद केला आणि चालू झालं’ हा पुरावा मी लगेच मानत नाही. इनलाइन मोडमध्ये, म्हणजे ट्रॅफिक आयपीएसच्या आतूनच जातं तेव्हा, तो बंद-चालू करताना बऱ्याचदा इंटरफेसच एकदा झोपतो आणि उठतो, जुनी कनेक्शनं तुटतात, नवी जोडली जातात. बरं वाटलं ते आयपीएस गेल्यामुळे की कनेक्शन नव्याने जुळल्यामुळे, हे त्यावरून कळत नाही. बंद करायचंच असेल तर दहा मिनिटांसाठी करा, पुन्हा चालू करा आणि त्रास परत येतो का ते बघा. परत आला तरच संशय पक्का.

२. घड्याळ

ज्याला त्रास होतोय त्याला सांगा: आत्ता पुन्हा करा, आणि अडलं की मला मिनिट सांगा. मग लॉगमध्ये त्या मिनिटाच्या आगेमागे बघा. ‘सकाळपासून’ या शब्दावर लॉग शोधता येत नाही.

इथे नवखे लोक हमखास फसतात. फायरवॉलचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिलेला असतो, त्यामुळे अकरा वाजताची घटना लॉगमध्ये साडेपाचला दिसते. मग ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असा निकाल लागतो. आधी टाइमझोन बघा, घड्याळ जुळवणारं एनटीपी चालू आहे ना ते बघा. एकदा साडेपाच तासांच्या या फरकापायी मी अर्धा दिवस भलत्याच अलर्टमागे धावलोय.

३. अलर्ट आहे की अडवणूक?

लॉगमध्ये त्या मिनिटाला एक अलर्ट सापडला, म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. सुरिकाटाच्या इव्ह डॉट जेसन या लॉग फाइलमध्ये प्रत्येक अलर्टसोबत ‘ॲक्शन’ लिहिलेली असते: ‘अलाउड’ किंवा ‘ब्लॉक्ड’. ‘अलाउड’ असेल तर सुरिकाटाने फक्त नोंद केली, पॅकेट पुढे गेलं. अशा निरपराध अलर्टना दोष देऊन लोकांनी चांगले नियम बंद केलेले मी पाहिलेत. त्रास तसाच राहतो, वर एक पहारेकरी कमी होतो.

अपवाद पीएफसेन्सच्या लेगसी मोडचा. तिथे सुरिकाटा पॅकेटची नक्कल वाचतो आणि अलर्ट वाजला की तो आयपी पत्ताच ब्लॉकच्या यादीत टाकतो. नियमात ‘ड्रॉप’ लिहिलेलं नसलं तरी. ठरलेल्या वेळेनंतर यादी साफ होते, साइट परत येतात. आजकाल एका पत्त्यामागे सीडीएनवरच्या (अनेक साइटच्या सामायिक सर्व्हरवरच्या) शेकडो साइट असतात, त्यामुळे एका साइटच्या पापाची शिक्षा शेजारच्या सगळ्यांना. ‘साइट मरतात आणि आपोआप जिवंत होतात’ हे लक्षण असेल तर आधी ब्लॉक झालेल्या पत्त्यांची यादी उघडा.

४. नियम वाचा

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो वाया जात नाही. अलर्टमध्ये एसआयडी नावाचा क्रमांक असतो. त्यावरून नियमाच्या फाइलमध्ये नियम शोधा. बाहेरून अगम्य दिसतो, पण वाचायच्या गोष्टी थोड्याच आहेत.

पहिला शब्द म्हणजे काय करायचं: अलर्ट, ड्रॉप, रिजेक्ट किंवा पास. ड्रॉप गुपचूप गिळतो, त्यामुळे समोरचं सॉफ्टवेअर ताटकळत बसतं. रिजेक्ट तोंडावर नाही म्हणतो, म्हणून एरर लगेच येते. कंसाच्या आधी प्रोटोकॉल, दोन्ही बाजूंचे पत्ते, पोर्ट आणि मधला बाण. कंसात संदेश, ‘फ्लो’ म्हणजे संभाषणाची दिशा, ‘कॉन्टेंट’ म्हणजे शोधायचा मजकूर, ‘क्लासटाइप’ म्हणजे नियमाचा वर्ग, आणि शेवटी एसआयडी आणि रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती.

एक खरा नियम घेऊ. एसआयडी २१००४९८. कुणी सर्व्हर फोडून ‘आयडी’ ही आज्ञा चालवली आणि उत्तरात रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता आला, तर ओरडायचं, हे त्याचं काम. तो शोधतो एवढंच: यूआयडी, बरोबरचं चिन्ह, शून्य आणि कंसात रूट. नियमात कंसाच्या जागी उभ्या रेघांमध्ये २८ आणि २९ दिसतात. ते कंसाच्या दोन चिन्हांचे हेक्स आकडे. आता त्याची कंसाआधीची बाजू बघा. प्रोटोकॉल ‘आयपी’, म्हणजे काहीही. पत्ता ‘एनी’, पोर्ट ‘एनी’, पलीकडेही ‘एनी’, ‘एनी’. दिशा नाही, जागा नाही. ती अक्षरं कुठूनही कुठेही उघड्यावर गेली की नियम जुळला.

एका प्रशिक्षण वर्गात लिनक्सच्या नोट्सचं एक पान उघडेना. बाकी सगळी पानं उघडायची, तेवढंच नाही. त्या पानावर ‘आयडी’ आज्ञेचं नमुना उत्तर छापलं होतं, आणि पान साध्या, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या, एचटीटीपीवर होतं. हल्ला पानावर लिहिलेला होता, घडत नव्हता. नियमाला तो फरक कळत नाही, कळायची अपेक्षाही नाही. अलर्ट म्हणून हा नियम उत्तम. इंस्टॉलेशन चाललंय ना हे तपासायला आम्ही तोच मुद्दाम वाजवून बघतो. पण इतक्या मोकळ्या नियमाला ड्रॉपचा अधिकार देणाऱ्याचं चुकलं. तो देणारा मीच होतो: सुरुवातीच्या उत्साहात सगळेच नियम एका ओळीत ड्रॉप करून टाकले होते.

तसाच २०१३५०४. लिनक्सचा एपीटी (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) अपडेट घ्यायला बाहेर गेला की हा वाजतो. त्याच्या नावात आवृत्तीनुसार ‘पॉलिसी’ किंवा ‘इन्फो’ असतं. म्हणजे हल्ला नव्हे, तुमच्या ऑफिसात हे चालतं का, असा प्रश्न. नावात ‘इन्फो’ किंवा ‘पॉलिसी’ असलेले नियम ड्रॉपवर ठेवायचे असतील तर आपल्याकडे खरंच तसं धोरण आहे का, हे मालकाला आधी विचारा. नाहीतर उबुंटूचे अपडेट महिनोन् महिने अडतात आणि सुरक्षेच्या नावाखाली सर्व्हर जुनाच राहतो. हजेरीची बायोमेट्रिक यंत्रंही अशीच सापडतात. साध्या एचटीटीपीवर, विचित्र किंवा कोऱ्या यूजर-एजंटने (स्वतःची ओळख सांगणाऱ्या ओळीने) डेटा पाठवतात. नियमांना ती मालवेअरसारखीच दिसतात.

अडलेली साइट एचटीटीपीएसवर असेल तर शोध आणखी सोपा. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, उघडण्याची सोय नसेल तर पानातला मजकूर आयपीएसला दिसतच नाही. म्हणजे संशयित मोजकेच: डीएनएसचा प्रश्न, हँडशेकमधलं (जोडणीच्या सुरुवातीच्या बोलण्यातलं) साइटचं नाव, प्रमाणपत्र, आयपी पत्त्यांच्या बदनाम याद्या किंवा टीसीपीच्या प्रवाहाचे नियम. या याद्यांमध्ये आज एकाकडे असलेला पत्ता उद्या क्लाउडवाल्याकडून दुसऱ्याला मिळतो आणि बदनामी मागे राहते.

रिव्हिजनही बघा. नियमांचे संच जवळपास रोज बदलतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतलं भगदाड उघडं पडलं तेव्हा तर त्या नियमांच्या आवृत्त्या भराभर येत होत्या. ‘कुणी हात लावला नाही’ हे खरंच असतं. हात पहाटेच्या अपडेटने लावलेला असतो. बऱ्याच नियमांच्या मेटाडेटात बदलाची तारीख असते. ती कालपरवाची असेल आणि त्रासही कालपासूनचा असेल, तर नियम नीट होऊन यायची दोन दिवस वाट बघा. तोवर तेवढा एक नियम ड्रॉपवरून अलर्टवर आणा.

५. घर कुठलं आणि बाहेर कुठलं

बहुतेक नियमांत ‘होम नेट’ आणि ‘एक्स्टर्नल नेट’ असे दोन शब्द असतात. सुरिकाटाच्या मूळ फाइलमध्ये होम नेट म्हणजे १९२.१६८, १० आणि १७२.१६ पासूनचे खासगी पत्ते, आणि जे होम नाही ते एक्स्टर्नल. ही ओळ चुकली तर बाणाची दिशा चुकते. शाखेचे व्हीपीएनवरचे पत्ते घरात धरलेले नसतील, तर शाखेतला अकाउंटंट सर्व्हरवरची फाइल उघडायला गेला की तो परका ठरतो आणि हल्ल्याचे नियम त्याच्यावर जुळू लागतात. उलट, बाहेरचा पत्ता चुकून घरात आला तर नियम गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या नियमाची तक्रार कुणी करत नाही.

६. पहारा कुठल्या दाराशी

सुरिकाटा वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या, बाजूला बसवला असेल तर नॅटमुळे (फायरवॉल पत्ते बदलते त्यामुळे) आतले सगळे पीसी एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. अलर्ट येतो, कुणाचा ते कळत नाही. शिवाय फायरवॉल एरवीही फेकणारच असलेल्या कचऱ्यावर तो ओरडत बसतो. लॅनवर, म्हणजे आतल्या बाजूला, बसवा.

लॅनवर बसवूनही डीएनएसचा चकवा उरतो. संशयास्पद डोमेन विचारल्याचा अलर्ट आला आणि पत्ता तुमच्या डीएनएस सर्व्हरचा असला, तर सर्व्हर बिघडलाय असं समजू नका. तो इतरांच्या वतीने विचारतो. एका कारखान्यात आम्ही दीड दिवस सर्व्हर उलटापालटा केला. विचारणारा पीसी स्टोअरमध्ये, खोक्यांच्या मागे होता. सर्व्हरचा स्वतःचा डीएनएस लॉग बघितला असता तर चहा गार व्हायच्या आत सापडला असता.

७. नियम निर्दोष, प्रवाह तुटका

एसआयडी २२१ ने सुरू होणारा सात आकडी असेल, संदेशात ‘सुरिकाटा स्ट्रीम’ असेल, तर हल्लेखोर शोधू नका. हे नियम मजकूर बघत नाहीत; टीसीपीचं संभाषण नीट चाललंय का तेवढं बघतात. ‘इनव्हॅलिड ॲक’ म्हणजे सुरिकाटाला संभाषणाची एकच बाजू ऐकू येतेय किंवा मधलं काही निसटलंय. हे नियम ड्रॉपवर ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारणं तीन ठिकाणी सापडतात. एक, नेटवर्क कार्डचं ऑफलोडिंग. कार्ड पॅकेटं जोडून मोठी करतं किंवा चेकसम नंतर भरतं, आणि सुरिकाटाला भलतंच काही दिसतं. एलआरओ, टीएसओ आणि चेकसम ऑफलोड बंद करा. ओपीएनसेन्समध्ये त्या चौकटी एकाच पानावर आहेत. २२०००७४ हा चेकसमचा अलर्ट ढिगाने येत असेल तर आधी इथेच बघा. दोन, दोन लाइन. लीज लाइनने जाणारं पॅकेट आणि ब्रॉडबँडने येणारं उत्तर, मध्ये सुरिकाटा एकाच लाइनवर. हे रूटिंगचं दुखणं आहे, नियम बदलून बरं होत नाही. तीन, डब्याचा दम. आकडेवारीत कर्नल ड्रॉप्स वाढत असतील तर पॅकेटं सुरिकाटापर्यंत पोहोचतच नाहीत.

आणि आता सगळ्यात छळणारा प्रकार: ट्रॅफिक अडतंय, पण अलर्ट एकही नाही. २०२३ मध्ये आलेल्या सुरिकाटा ७ पासून इनलाइन मोडमध्ये ‘एक्सेप्शन पॉलिसी’ आपोआप कडक असते. मेमरीची मर्यादा भरली किंवा संभाषण मधूनच हाती आलं, की तो फ्लोच, म्हणजे आख्खं कनेक्शनच, ड्रॉप होतो. कुठलाही नियम जुळलेला नसतो, म्हणून एसआयडीही नसतो. सुरिकाटा रीस्टार्ट केला की आधीची चालू कनेक्शनं त्याच्या दृष्टीने ‘मधूनच’ आलेली असतात. रिमोट डेस्कटॉप तुटायचं कोडं हेच. ड्रॉपच्या नोंदीत ‘रीझन’ असतं, आकडेवारीतही ड्रॉपच्या कारणांचे वेगळे आकडे येतात. तिथे ‘रूल्स’ऐवजी ‘मिडस्ट्रीम’ किंवा ‘मेमकॅप’ दिसलं तर नियमांच्या फाइलला हात लावू नका. मिडस्ट्रीमची पॉलिसी बदला किंवा मेमरी वाढवा. आणि नियम बदलल्यावर रीस्टार्टऐवजी रीलोड करा, चालू फ्लो शाबूत राहतात.

८. दुरुस्ती, जमेल तितकी बारीक

आधी तो एकच एसआयडी ड्रॉपवरून अलर्टवर आणा. बहुतेक वेळा इतकंच पुरतं, आणि नोंद चालू राहते. एकाच यंत्राचा प्रश्न असेल, जसं ते हजेरीचं, तर त्याचा पत्ता, समोरचा पत्ता आणि पोर्ट तिन्ही लिहून छोटा पास नियम करा. सुरिकाटा मुळात पास आधी धरतो, मग ड्रॉप, मग रिजेक्ट, शेवटी अलर्ट. म्हणूनच सैल पास नियम धोक्याचा: त्याच्यामागून काय गेलं हे कळायलाही मार्ग नाही. स्वतःच्या नियमांना दहा लाख ते वीस लाखांच्या आतले एसआयडी द्या. बाहेरच्या संचाशी टक्कर होणार नाही.

नियम सरळ बंद करायचा असेल तर त्यात ‘फ्लोबिट्स’ आहे का बघा. काही नियम स्वतः बोलत नाहीत, फक्त खूण करून ठेवतात आणि दुसरा नियम ती खूण बघून बोलतो. पहिला बंद केला की दुसरा मुका होतो.

‘सप्रेस’ने फक्त घंटेचा आवाज बंद होतो, जुळलेल्या नियमाची बाकीची कामं चालूच राहतात. लेगसी मोडमध्ये अलर्ट नाही तर ब्लॉक नाही, म्हणून तिथे त्याचा उपयोग होतो. इनलाइनमध्ये ड्रॉपवरचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका. हाती असलेला पुरावाही दिसेनासा होईल.

बदल केला की आधी सुरिकाटाची स्वतःची चाचणी चालवा, मग रीलोड. आणि बदलाशेजारी तारीख, कारण आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच विचाराल, हे कुणी केलं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं फॉल्स पॉझिटिव्हसाठी, म्हणजे खोट्या संशयासाठी, आहे. पुढचं काही दिसलं तर नियम शिथिल करू नका, मग मालक कितीही घाई करोत.

अलर्ट आतून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा आहे, नावात मालवेअर किंवा सीएनसी (हल्लेखोराच्या हुकूम देणाऱ्या सर्व्हरशी संपर्क) आहे आणि तो ठरावीक अंतराने येतोय. एकच पीसी आतल्या अनेक यंत्रांची ४४५ नंबरची (फाइल शेअरिंगच्या पोर्टची) दारं ठोठावतोय. एकाच यंत्रावर वेगवेगळ्या प्रकारचे अलर्ट एकामागून एक येताहेत. किंवा फाइल उघडेना म्हणून तक्रार आली आणि फाइलींची नावंच बदललेली आहेत.

अशा वेळी त्या यंत्राची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. यंत्र मात्र बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. फॉरमॅट तर नाहीच. फायरवॉलचे लॉग दुसरीकडे कॉपी करा आणि इन्सिडेंट रिस्पॉन्स करणाऱ्या माणसाला बोलवा. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. मालकाला हे त्याच दिवशी सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आधी, बाकी नंतर.

आणखी दोन ठिकाणी मी स्वतःच हात मागे घेतो. फायरवॉल दुसऱ्या कंपनीच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) असेल, तर तिकीट टाकतो आणि वरच्या तपासण्यांची मिनिटं, एसआयडी आणि ॲक्शन त्यात लिहून देतो. त्यांचं काम अर्धं होतं. आणि लाइन रुग्णालयाची किंवा चालू उत्पादनाच्या यंत्रांची असेल, तर दिवसा काहीही बदलत नाही. रात्रीची वेळ मागून घेतो आणि शिफ्टच्या सुपरवायझरला फोन जवळ ठेवायला सांगतो.